काकू, माझ्या ठेच्याची चटणी का होते?

गेल्या अंकात बाजरीच्या भाकरीवर लिहिताना 'सोबत तव्यावरचा हिरवा ठेचा' एवढं म्हणून मी पुढे गेले. भाकरी राहिली बाजूला, पत्रं आली ती ठेच्यावर. नाशिकमध्ये सातपूरला माझी खानावळ आहे. कारखान्यांतली पोरं जेवायला येतात आणि ताटात ठेचा नसला तर भाजी चांगली असूनही तोंडं वाकडी करतात. तेव्हा या विषयावर मला बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत. नावं गाळली, गावं ठेवली.

प्रश्न : काकू, मी नोकरी करते. खलबत्ता नाही, म्हणून ठेचा मिक्सरवर करते. दर वेळी त्याची हिरवीगार पातळ चटणी होते, तासाभरात पाणी सुटतं, कधी कधी कडवटही लागतो. सासूबाईंच्या हातचा जाडसर, कोरडा आणि खमंग असतो. त्यांना माप विचारलं तर म्हणतात, 'अंदाजाने घालते.' तुम्ही तरी माप सांगा. — सिडको, नाशिक

उत्तर : ताई, माप सांगते, पण तुमचं मापात काही बिघडलेलं नाही. पाण्यात बिघडलंय.

मिरची धुता ती देठासकट धुवा. देठ आधी खुडला तर त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि ते पुसून निघत नाही. धुतली की कापडावर पसरा, पंख्याखाली राहू द्या, हाताला कोरडी लागली की मगच देठ काढा. ऑफिसला जायची घाई असेल तर आदल्या रात्रीच धुऊन पसरून ठेवा.

दुसरं, मिरची कोणती घेता? भाजीवाल्याकडे ती जाड सालीची, लांब, पोपटी मिरची दिसते ना, ती भज्यांना छान, भरून तळायला छान. ठेच्याला नाही. तिच्या अंगात पाणी फार आणि तिखटपणा बेताचा. ठेच्याला पातळ सालीची, गडद हिरवी, बोटाएवढी मिरची घ्या, आणि झणका हवा असेल तर त्यात चार-सहा लवंगी मिसळा. नुसत्या लवंगीचा ठेचा पुरुषार्थ दाखवायला बरा, जेवायला नाही. मी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या बाजारातून मिरची घेते तेव्हा एक मिरची मधोमध मोडून बघते. कट्‌कन मोडली आणि देठ हिरवा असला तर ताजी. वाकली, पण मोडली नाही, तर पुढच्या टोपलीकडे. पावसाळ्यातली मिरची जरा पाणचट असते. उन्हाळ्यात पाण्याची ओढ बसलेल्या झाडाची मिरची तिखटजाळ होते. म्हणून माप बारा महिने एकच धरू नका. सासूबाई 'अंदाजाने' म्हणतात त्या काही लपवत नाहीत.

आता माप. मिरची १०० ग्रॅम. गावरान लसणाच्या बारा-पंधरा पाकळ्या, मोठ्या पाकळ्यांचा लसूण असेल तर सहा-सातच. मूठभर शेंगदाणे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. जिरं अर्धा चमचा, जाडं मीठ एक चहाचा चमचा (आधी पाऊण घाला, चाखून उरलेलं), तेल दोन चमचे, कोथिंबीर मूठभर, देठांसकट. देठातही भरपूर वास असतो आणि आपण नेमका तोच कचऱ्यात टाकतो. शेवटी अर्धं लिंबू, आवडत असेल तर.

शेंगदाणे आधी कोरडेच, मंद आचेवर भाजून बाजूला काढा. मग लोखंडी तवा तापवा, चमचाभर तेल सोडा आणि मिरच्या दोन-दोन तुकडे करून टाका. अख्खी मिरची टाकू नका, आत वाफ कोंडते आणि ती फुटून तेलासकट अंगावर येते. आच मध्यम. हलवत बसायचं नाही. एका बाजूने पांढरे फोड येऊन ते तपकिरी झाले की उलटायचं. मिरच्या अर्ध्या भाजल्यावर लसूण. लसूण सुरुवातीलाच टाकला तर मिरची होईपर्यंत तो करपतो, आणि तुमचा कडवटपणा बहुधा तिथून येतो. जिरं अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. तवा गरमच असतो, त्याला तेवढं पुरतं. करपलेलं जिरं आणि खवट शेंगदाणा ही कडूपणाची आणखी दोन कारणं. शेंगदाणा भाजायच्या आधी एक तोंडात टाकून बघावा, जुन्या डब्याच्या तळाचे दाणे हमखास दगा देतात.

झाकण ठेवायचं नाही. झाकणाखाली मिरची भाजत नाही, शिजते. वर साचलेलं पाणी तिच्यावरच पडतं आणि हिरवा रंग जाऊन शेवाळी होतो. लिंबूही याच कारणासाठी शेवटी, गार झाल्यावर. आंबट आणि उष्णता एकत्र आली की पानातलं, मिरचीतलं हिरवं द्रव्य बदलतं आणि रंग उतरतो.

आता ठेचणं. तुमच्याकडे खलबत्ता नाही म्हणता, पण तवा आहे ना? आणि जाड बुडाचा पितळी किंवा स्टीलचा तांब्या? झालं तर. गॅस बंद करून तवा ओट्यावर फडक्यावर ठेवा, डाव्या हाताने सांडशीने घट्ट धरा आणि तांब्याच्या बुडाने तव्यातच रगडा. आधी मीठ, लसूण, जिरं. जाड्या मिठाचे खडे लसूण फोडायला मदत करतात. मग मिरची. ती लगदा होण्याआधीच हात थांबवा, बियांसकट सालीचे तुकडे दिसायला हवेत. मग शेंगदाणे, त्यांना दोन-चार दणके बास, एकाचे चार तुकडे झाले की पुरे. कोथिंबीर शेवटी. मग तवा परत गॅसवर ठेवून उरलेलं चमचाभर तेल कडेने सोडा आणि मिनिटभर परता. सुटलेलं पाणी तव्याला 'चर्र' करून उडून जातं. हे शेवटचं मिनिट बरेच जण गाळतात, आणि तासाभराने ठेच्याला पाणी का सुटलं म्हणून मिठाला दोष देतात. नॉन-स्टिकच्या तव्यावर मात्र हा उद्योग करू नका, लेप निघेल.

मिक्सरशिवाय जमणारच नसेल तर सगळं पूर्ण गार होऊ द्या, चटणीचं लहान कोरडं भांडं घ्या, आणि बटण उलटं फिरवून एकेक झटका द्या. दोन झटके, उघडा, चमच्याने खालवर करा, पुन्हा दोन. दाणे शेवटच्या झटक्याला. फिरत नाही म्हणून पाण्याचा चमचा घालायचा मोह होईल. घालू नका. पातं मिरचीला कापून तिचा सगळा रस बाहेर काढतं, बत्ता नुसता फोडतो, हा फरक पाण्याचा चमचा घातला की दुप्पट होतो.

प्रश्न : मिरची भाजायला घेतली की घरभर ठसका. सासऱ्यांना दमा आहे, शेजारचेही दार वाजवतात. काही उपाय? — गंगापूर रोड

उत्तर : मिरचीतला तिखट अंश तेलाच्या धुरावर बसून हवेत जातो, म्हणून ठसका लागतो. तवा धुरकट होईपर्यंत तापवायचा नाही, मिरची काळी करायची नाही, चिमणी आधी सुरू करायची आणि खिडकी उघडायची. भाजताना वर मीठ टाकलं की ठसका लागत नाही असं बायका सांगतात. माझ्या नाकाला तरी त्याचा फरक कळलेला नाही.

पण घरात दम्याचं माणूस आहे म्हटल्यावर मी एवढ्यावर भागवणार नाही. भाजूच नका. कच्चा ठेचा करा. मिरची, लसूण, जाडं मीठ आणि कोथिंबिरीचे देठ खलात ठेचायचे, भाजलेले दाणे घालायचे, वरून लिंबू पिळायचं आणि चमचाभर कच्चं शेंगदाणा तेल. त्यावर कडकडीत फोडणी ओतलीत तर पुन्हा तोच ठसका, म्हणून फोडणी नको. चव वेगळी असते, जरा रांगडी, पण गरम भाकरीबरोबर कमी नाही. भाजलेलाच हवा असं मन घेत असेल तर सासरे सकाळी फिरायला जातात त्या वेळेत उरकून घ्या, आणि ते यायच्या आधी घर मोकळं करा.

प्रश्न : सासूबाईंनी त्यांचा जुना पितळी खलबत्ता दिलाय. शिवाय मी हौसेने दगडी खल आणला, तर त्यातला ठेचा दाताखाली कचकच लागतो. कोणता वापरू? — पंचवटी

उत्तर : पितळी खल तुमच्याकडे आहे म्हणजे नशीबवान आहात. भांडी बाजारात आज तसा वजनदार ओतीव खल घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत याल. पण तो वेलदोडे, जायफळ, सुंठ, जिरं यांसाठी ठेवा. मीठ, लिंबू आणि पितळ यांचं जमत नाही. आंबट-खारट पदार्थ पितळेत राहिला तर धातू त्यात उतरतो, चव कळकते आणि मळमळतंही. कोरडं कुटून लगेच काढलं तर काही होत नाही. ठेचा मात्र दगडातच.

दगडाची कचकच म्हणजे नवीन खल तयार केलेला नाही. दुकानदार सांगत नाहीत आणि आपण विचारत नाही. आधी घासणीने नुसत्या पाण्याने धुऊन वाळवा. साबण लावू नका, दगड तो धरून ठेवतो. मग मूठभर कोरडे तांदूळ टाकून बत्ता गोल फिरवत पीठ करा. पहिलं पीठ राखाडी निघेल, ते टाकून द्या. पुन्हा तांदूळ. पीठ पांढरं निघेपर्यंत हेच. नंतर जाडं मीठ आणि चार लसूण पाकळ्या वाटून तो गोळा सगळीकडे फिरवा, टाकून द्या, धुऊन उन्हात ठेवा. आणि एवढं करूनही पीठ राखाडीच निघत असेल तर दगड मऊ आहे, शोभेला ठेवा. चांगला काळा दगड हाताला गार आणि वजनाला भारी लागतो, नखाने ओरखडलं तर भुकटी निघत नाही.

घरात पाटा-वरवंटा असेल तर त्यावरही उत्तम होतो, फक्त रगडू नका, ठेचा. पाटा गुळगुळीत झाला असेल तर टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून खरबरीत करून घ्यायला हवा. पूर्वी टाकी लावणाऱ्यांची हाक गल्लीत यायची, आता माणूस शोधावा लागतो.

प्रश्न : मुलगा शिक्षणाला बंगळूरला आहे. त्याला महिनाभर पुरेल एवढा ठेचा द्यायचाय. वर तेलाचा थर देऊन काचेच्या बरणीत घट्ट बंद केला तर टिकेल ना? — इंदिरानगर

उत्तर : नाही. आणि हे मी जरा आवाज चढवून सांगते आहे असं समजा.

लोणच्यावर तेलाचा थर देतात म्हणून ठेच्यावरही द्यावा असं वाटणं साहजिक आहे. पण लोणच्यात मीठ आणि आंबटपणा भरपूर असतो, ठेच्यात दोन्ही बेताचं. लसूण मातीतून येतो, आणि मातीत क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. तव्यावर भाजून ते मरत नाहीत. जिथे हवा नाही, आंबटपणा कमी आहे आणि खोलीतली ऊब आहे, तिथे ते वाढतात आणि जबर विष तयार करतात. तेलाखाली बुडालेला लसूण म्हणजे नेमकी हीच जागा. बरं, अशा ठेच्याला वास येईलच, बुरशी धरेलच असं नाही. चाखून कळत नाही, म्हणून तर भीती. चार थेंब लिंबू पिळून तो सुरक्षित झाला असंही धरू नका.

मग काय करायचं? घरात ठेवायचा तर कोरड्या डब्यात, फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचा. घेताना कोरडा चमचा. जास्त दिवस हवा तर फ्रीजरमध्ये. लिंबाएवढे गोळे करून ताटलीत गोठवा, मग पिशवीत भरा. दोन महिने सहज राहतात. लागेल तेवढा एक गोळा काढून तव्यावर थेंबभर तेलात परतायचा, कोथिंबीर त्या वेळी ताजी घालायची.

बंगळूरच्या प्रवासाला मात्र हिरवा ठेचा देऊच नका. त्याला सुक्या लाल मिरचीची, लसूण तेलाशिवाय कुरकुरीत होईपर्यंत भाजून केलेली कोरडी शेंगदाणा चटणी द्या. ती महिनाभर सुखाने राहते. आणि पोराला तवा, तांब्या आणि वरचं उत्तर पाठवा. इंजिनिअर होणार आहे, मिरची ठेचता यायला हरकत नाही.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. विरळणीच्या वेळी कच्च्या आंबट मण्यांचा ढीग पडतो. लिंबाऐवजी ठेच्यात ते घातले तर? वायाही जाणार नाहीत. — निफाड तालुका

उत्तर : दादा, आंबटपणाच्या हिशोबाने कल्पना झकास आहे. पण त्या मण्यांवर काय काय पडलंय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ऑक्टोबरची छाटणी झाल्यापासून फवारण्या सुरू, वर डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं. फवारणी आणि तोडणी यांच्यात जे दिवस सोडायचे ते पिकलेल्या मालासाठी पाळले जातात, विरळणीत पडलेल्या मण्यांसाठी कोणी मोजत नाही. धुऊन ते सगळं निघेल याचा भरवसा धरू नका. घराशेजारी बिनफवारणीचा एखादा वेल असेल तर त्याचे मणी खुशाल घाला, बिया काढून, आणि मीठ थोडं वाढवून. नाहीतर चिंचेचा कोवळा पाला किंवा कैरीची फोड बरी.

प्रश्न : माझी मैत्रीण म्हणते, अस्सल प्राचीन ठेच्यात शेंगदाणे नसतात, ती नंतरची भेसळ. खरं का? — नाशिकरोड

उत्तर : मैत्रिणीला सांगा, प्राचीन ठेच्यात मिरचीही नसते. मिरची मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी तिखटाला मिरी, पिंपळी आणि आलं होतं. शेंगदाणाही तिकडचाच. शेंगदाणे घालायचे की नाही हा प्रश्न इतिहासाचा नाही, मिरची किती तिखट आहे याचा आहे. आमच्याकडे कळवण-सटाण्याकडची पोरं जेवायला येतात, ती दाण्यांशिवाय मागतात. पुण्याकडची दाणे जास्त मागतात. मी दोन वाट्या ठेवते.

प्रश्न : लग्नाआधीच्या जेवणासाठी किलोभर मिरचीचा ठेचा केला. रात्रभर हातांची आग झाली, गार पाण्यात बुडवूनही थांबेना. आणि बिया काढल्या होत्या तरी ठेचा जहाल झाला, असं कसं? — देवळाली

उत्तर : बियांवर उगाच आळ आहे. मिरचीच्या पोटात बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, त्या शिरेत खरा तिखटपणा. कॅप्सेसिन म्हणतात त्याला. बियांना तो शिरेच्या शेजाराने लागतो. कमी तिखट हवा असेल तर मिरची उभी चिरून चमच्याच्या टोकाने ती पांढरी शीर खरवडून काढा, बिया चार राहिल्या तरी चालतील. झालेला ठेचा जहाल वाटला तर दाणे आणि कोथिंबीर वाढवा, किंवा एक टोमॅटो तव्यावर काळा होईस्तोवर भाजून, साल काढून त्यात ठेचा. साखर घालू नका, त्याने तिखट जात नाही आणि ठेचा वाया जातो.

हातांचं असं की कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून गार पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि हात बाहेर काढला की पुन्हा तेच. आधी गोडेतेल किंवा खोबरेल भरपूर चोळायचं, नखांच्या कडांनाही, मग भांड्यांच्या साबणाने धुवायचं, असं दोनदा. गरम पाणी वापरू नका, आग भडकते. त्याचं कारण मला फार आवडलं म्हणून सांगते. आपल्या नसांच्या टोकांना भाजल्याची खबर देणारी जी जागा असते, तीच मिरचीनेही उघडते, म्हणून शरीराला खरंच भाजल्यासारखं वाटतं. ही जागा मिरचीच्याच मदतीने शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर विभागून.

तोंड भाजलं तर पाण्याऐवजी दूध, दही किंवा दाट ताक. दुधातलं प्रथिन कॅप्सेसिनला धरून बाजूला नेतं. किलोभर मिरची असेल तेव्हा सरळ हातमोजे घाला, बायका हसल्या तर हसू द्या. आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ठेचा करण्याआधी नव्हे, करून झाल्यावर दुसऱ्या दिवशी लेन्सला हात लावावा.

प्रश्न : लिंबू पिळून ठेवलेल्या कच्च्या ठेच्यात लसूण निळसर-हिरवा झाला. फेकून दिला. बरोबर केलं का? — मखमलाबाद

उत्तर : फेकायची गरज नव्हती. लसणातल्या गंधकाच्या संयुगांचा आंबटाशी संबंध आला की कधी कधी असा रंग येतो, जुन्या किंवा थंडीत राहिलेल्या लसणात जास्त. खायला अपाय नाही. बुरशी असेल तर ती वरून, लोकरीसारखी दिसते, पाकळीच्या आतून रंग येत नाही. तेवढा फरक ओळखा.

प्रश्न : नातीला शेंगदाण्याची अॅलर्जी निघाली. तिला तिखट आवडतं. दाण्यांऐवजी काय घालू? — त्र्यंबकेश्वर

उत्तर : तुमच्याच डोंगरावर उत्तर आहे, खुरासणी. तुमच्याकडे, पेठ-सुरगाण्याकडे तिची चटणी होते आणि शहरातल्या बायकांना ती माहीतही नसते. काळी बारीक बी कोरडी, मंद आचेवर भाजायची, तडतडली की काढायची. ती आधी वेगळी जाडसर कुटून मग ठेच्यात मिसळायची. १०० ग्रॅम मिरचीला तीन चमचे पुरतात. रंग काळपट येतो, पण नागलीच्या भाकरीबरोबर असा ठेचा मला दाण्यांच्या ठेच्याहून उजवा वाटतो. तेल शेंगदाण्याचं वापरू नका, आणि ज्या खलात दाणे कुटता तो नातीसाठी नको, वेगळा ठेवा. खुरासणी किंवा तीळ पहिल्यांदा देण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या. दाण्यांची अॅलर्जी असलेल्या काही मुलांना दुसऱ्या बियांचाही त्रास होतो.

प्रश्न : वाटीभर ठेचा उरतो, दुसऱ्या दिवशी कोणी हात लावत नाही. — अंबड

उत्तर : निम्म्या मिरचीचा करा ना! ठेचा पातेलंभर करायचा पदार्थच नाही. तरी उरलाच तर चमचाभर दह्यात कालवा आणि वर हिंग-मोहरीची गार फोडणी, थालीपिठाबरोबर जातो. उकडलेल्या बटाट्यात मिसळून पराठे करा. वांगं भाजून त्यात दोन चमचे ठेचा आणि कांद्याची पात घातली की भरीत तयार, वेगळी मिरची भाजायला नको. माझ्याकडे उरतो तो रात्रीच्या पिठलं-भातात जातो. फोडणीत लाल तिखट न घालता तोच चमचाभर टाकायचा, आणि मीठ मात्र आधी चाखून.